कोरी पाटी

दिवाळीपूर्वीची साफसफाई हा आमच्या घरातला कुळाचार आहे. फराळात एखादा जिन्नस कमी पडला तरी चालतो. पण माळा रिकामा झाल्याशिवाय आमच्या सौभाग्यवतींना दिवाळी आल्यासारखी वाटत नाही. गेल्या वर्षी माळ्यावरून पितळी पातेली, मोडका पाळणा, काच फुटलेला कंदील अशी नेहमीची मंडळी खाली उतरली, आणि त्यांच्यामागून जुन्या चादरीत गुंडाळलेला दादाचा संगणक उतरला. दादा जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. यंत्र त्याही आधीपासून बंद होते.

"अहो, हे धूड आता मोडीत तरी द्या," सौभाग्यवती म्हणाल्या.

त्या सहज बोलून गेल्या; पण ते यंत्र एका अर्थी मोडीतलेच होते. आमचे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते आणि त्यांना मोडी लिपी अवगत होती. घरात जमाखर्चाचे कागद, खरेदीखते आणि काही पत्रे असे एक गाठोडे होते. दादा वडिलांपाशी मोडी शिकला आणि निवृत्तीनंतर, २००४ सालापासून तीन वर्षे, रोज सकाळी पूजा आटोपून त्याने एकशे ऐंशी कागद देवनागरीत उतरवून या संगणकात टंकले. पुढे गावच्या वाड्यातल्या कपाटाला वाळवी लागली. दोन पावसाळ्यांत गाठोड्याचा भुगा झाला. म्हणजे मूळ कागद गेले, आणि उरले ते एवढेच.

सई, म्हणजे दादाची नात, संगणकाचेच शिक्षण घेते. ती म्हणाली, "आबा, मोडीत नका देऊ. गावच्या वाचनालयात मुलांना उपयोग होईल. आजोबांच्या फायली काढून घेते, डिस्क पुसून कोरी करते आणि नवी सिस्टीम घालते. एका दिवसाचं काम आहे."

पुसून कोरी करते! मुलीने हे इतक्या सहजपणे म्हटले की मला रात्री झोप लागेना. इतिहासाची आवड असलेल्या माणसाचा हा एक रोगच असतो. कोणी भिंत रंगवायला काढली की त्याला खालचा रंग आठवतो. पुसले म्हणजे नेमके काय होते, आणि पुसलेले खरोखर जाते का, याचा शोध मी दुसऱ्या दिवसापासून घेऊ लागलो. वाचकहो, त्या शोधात जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे विद्येचा आरंभच मुळी पुसण्याच्या साधनावर होत असे. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची, बोटाने वा काडीने अक्षर काढायचे, आणि फळी हलवली की पाटी कोरी. धूळपाटी ती हीच. 'धुळाक्षरे गिरवणे' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. आकडेमोडही धुळीवरच चाले, म्हणून जुन्या गणितात तिला 'धूलिकर्म' असे नाव आहे. या रीतीत एक खोच होती. गुणाकार करताना आधीचा आकडा पुसून त्याच्या जागी नवा मांडावा लागे. उत्तर हाती येई, पण वाट पुसली जाई. भारतीय अंक अरबस्तानाकडे गेले तेव्हा ही धूळपाटीही त्यांच्याबरोबर गेली. दमास्कस शहरी इ. स. ९५२-५३ च्या सुमारास अल्-उक्लीदिसी नावाच्या गणित्याने या हिशेबावर ग्रंथ लिहिला आणि त्यात धूळपाटी टाकून शाई-कागदावर, काही न पुसता, तेच गणित कसे करावे ते दाखवले. त्याच्या कारणांतले एक मोठे मजेदार आहे. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे रिकामटेकडे लोक धूळपाटी वापरतात, तेव्हा सभ्य माणसाला ती हातात धरण्याची लाज वाटते, असे तो म्हणतो. ज्ञानाच्या प्रगतीत लाजेचा वाटा किती असतो, यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हरकत नाही.

धूळ पुसली की काही मागे राहत नाही. चामड्याचे तसे नाही. युरोपात व पश्चिम आशियात शेळ्यामेंढ्यांची कातडी कमावून तिची पाने करीत. ती महाग, म्हणून नको झालेल्या पोथीची पाने धुऊन, खरवडून त्यांवर दुसरे लिहीत. अशा पोथीला ग्रीक भाषेतून आलेला 'पॅलिम्प्सेस्ट' हा शब्द आहे. अर्थ, पुन्हा खरवडलेले. (आपल्याकडचे काही ताम्रपटही जुना मजकूर ठोकून सपाट करून वर नवा कोरलेले सापडतात. खालची अक्षरे तिरप्या उजेडात डोकावतात आणि पुराभिलेखाचे अभ्यासक डोळे ताणून बसतात.)

या जातीच्या पोथ्यांत आर्किमिडीजच्या पोथीची कथा सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. आर्किमिडीज मारला गेला इ. स. पूर्व २१२ मध्ये. त्याच्या ग्रंथांची एक प्रत दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे लिहिली गेली. १२२९ साली एका धर्मसेवकाला प्रार्थनापुस्तक करावयाचे होते. त्याने ही प्रत व आणखी काही पोथ्या उसवल्या, पाने धुतली, मधोमध कापली, आडवी फिरवून दुमडली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. गणिताच्या ओळी प्रार्थनेच्या ओळींना काटकोनात राहिल्या, पुसट, जवळजवळ अदृश्य. पुढे सुमारे पावणेसातशे वर्षे त्यांच्यावरून भाविकांची बोटे फिरली. मग १९०६ साली योहान हायबर्ग हा डॅनिश पंडित कॉन्स्टँटिनोपलला गेला, भिंग लावून बसला आणि त्याने ओळखले की खाली आर्किमिडीज आहे. त्यात 'पद्धती' या नावाचा ग्रंथ निघाला. आपले सिद्धांत आपल्याला मुळात सुचले कसे, आकृतीचे काप मनातल्या मनात तराजूला लावून आपण ते कसे तोलले, हे आर्किमिडीजने मित्राला उघड करून सांगितले आहे. त्या ग्रंथाची दुसरी प्रत जगात कुठेच नाही.

त्या धर्मसेवकाला पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत. मला तो गुन्हेगार वाटत नाही. प्रार्थनापुस्तक म्हणून ती पाने मठात जपली गेली. नुसते गणित राहिले असते तर किती जणांनी सांभाळले असते याची मला शंका आहे. खरी हेळसांड झाली ती विसाव्या शतकातच. पोथी खाजगी हातांत गेली, तिला बुरशी लागली, आणि किंमत वाढावी म्हणून कोणीतरी काही पानांवर सोनेरी चित्रे रंगवून ती प्राचीन असल्याचा आव आणला. १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती २० लाख डॉलरांना गेली. घेणाऱ्याने आपले नाव गुप्त ठेवले, पण पोथी बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात अभ्यासासाठी दिली. तिथे निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशांत तिची छायाचित्रे घेतली गेली. सोनेरी चित्रांखालची पाने तेवढ्याने वाचेनात, म्हणून ती कॅलिफोर्नियात नेऊन त्यांवर क्ष-किरणांचा बारीक झोत फिरवला. जुन्या शाईत लोह असते. अक्षर दिसेनासे झाले तरी चामड्यात मुरलेले लोह जागचे हलले नव्हते. त्याने साक्ष दिली. २००८ साली ती सारी छायाचित्रे जगाला फुकट खुली करण्यात आली.

आणि लोहाचीच गोष्ट पुढे चालते. हायबर्गच्याच देशातल्या वाल्डेमार पौलसेन याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाच्या योगाने आवाज साठवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवरचा मजकूर काढायचा तर मेण तासावे लागे. इथे तारेवरून चुंबक फिरवला की तार पुन्हा कोरी. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोझेफ याचा आवाज या यंत्रावर धरला गेला. तो आजही ऐकता येतो, कारण तो कोणी पुसला नाही. पुसायला क्षण पुरला असता.

तारेची पुढे फीत झाली आणि फितीची तबकडी. १९५६ साली आयबीएम कंपनीने सॅन होजे येथे तयार झालेली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, वजन टनाच्या घरात, आणि सामावणार काय, तर सुमारे ५० लाख अक्षरे. तबकडीवर लोहाच्या भस्माचा रंग चढवावा लागे. तो रंग एकसारखा बसावा म्हणून ती मंडळी बायकांच्या तलम मोज्यातून गाळून फिरत्या तबकडीवर कागदी पेल्याने ओतीत असत. दादाची हार्ड डिस्क तळहाताएवढी आणि ४० गिगाबाईटची, म्हणजे त्या टनभर धुडाच्या आठ हजार पट. तत्त्व मात्र तेच: लोहचुंबकी थर, आणि त्यावर ठिपक्याठिपक्याने 'असे' किंवा 'तसे'.

आता पुसण्याचे बघा. आपण फाईल पुसतो तेव्हा यंत्र काय करते? दप्तरखान्यात रुमाल बांधून फडताळात ठेवलेले असतात आणि कारकुनापाशी यादी असते, कोणता रुमाल कुठे. फाईल पुसणे म्हणजे कारकुनाने यादीतल्या एका ओळीवर काट मारणे. रुमाल जागच्या जागीच असतो; त्या जागी नवा रुमाल ठेवायची वेळ येईपर्यंत कोणी त्याला हात लावीत नाही. झटपट फॉरमॅट करणे म्हणजे यादीच फाडून नवी कोरी यादी करणे. माणसाला वाटते, दप्तरखाना रिकामा झाला. सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलट या अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारातून १५८ जुन्या डिस्का विकत घेऊन पाहिल्या आणि २००३ च्या जानेवारीत निष्कर्ष छापला. त्यांपैकी चालू स्थितीत १२९ होत्या, आणि नीट पुसलेल्या किती, तर १२! बाकीच्यांत पत्रे, दवाखान्याचे कागद, क्रेडिट कार्डांचे आकडे. एक डिस्क तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातली निघाली. रद्दीवाल्याला वह्या देताना आपण निदान पाने चाळतो.

नीट पुसायचे तर यादीवर न थांबता प्रत्येक रुमालातला प्रत्येक कागद शाईने काळा करावा लागतो. म्हणजे डिस्कच्या आरंभापासून अखेरपर्यंत नुसती शून्ये लिहायची. १९९६ साली पीटर गुटमन या शास्त्रज्ञाने त्या काळच्या निरनिराळ्या डिस्का ध्यानात घेऊन ३५ वेळा लिहिण्याची एक परंपरा दिली. लोकांनी ती मंत्रासारखी जपायला सुरुवात केली, तेव्हा तो स्वतःच वैतागला. अलीकडच्या तबकडीच्या डिस्कवर ठिपके इतके दाटीने असतात की एकदा वरून लिहिले तरी पुरते. आणि ते मात्र खरोखर जाते. इथे क्ष-किरण नाहीत, काटकोनातल्या ओळी नाहीत. धर्मसेवकाने हाताने खरवडले त्यात काही उरले. यंत्र जे पुसते त्यात काही उरत नाही. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला त्या प्रसंगाच्या मूळ, सर्वांत स्वच्छ चित्रफितींचा अमेरिकेत मोठा शोध झाला. २००९ साली निष्कर्ष निघाला की फितींची टंचाई होती म्हणून त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टीव्हीवरून गेलेले चित्र तेवढे उरले. कोणी वाईट हेतूने केले नाही. धर्मसेवकानेही केले नव्हते.

एवढे वाचून झाल्यावर मी सईला म्हटले, "बाळ, शून्ये लिहिण्याआधी मला एक पत्र उघडून दाखव."

"आबा, सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्यात. काळजीच नको." तिने आपला लॅपटॉप उघडला, एक फाईल उघडली, आणि आम्ही दोघेही गप्प झालो. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हे यांची नुसती खिचडी होती. दुसरी फाईल तशीच. तिसरी तशीच. पोरीचा चेहरा उतरला. दुपारीच पुसायचे ठरले होते!

फायली शाबूत होत्या, एक ठिपका हरवला नव्हता. झाले होते ते असे. देवनागरीला यंत्रात स्वतःचे आकडे देणारे भारतीय प्रमाण १९८८ पासून होते, आणि त्याच्या आधाराने १९९१ पासून ती युनिकोडमध्येही आली. पण छापखान्यांत आणि घराघरांत त्यानंतरही बरीच वर्षे वेगळीच युक्ती चालली. इंग्रजी अक्षराच्या आकड्याला देवनागरीचे चित्र चिकटवायचे. यंत्र समजते इंग्रजी, पडदा दाखवतो मराठी. हे रूप देणारा फॉन्ट ज्या यंत्रात असेल तिथेच मजकूर वाचता येणार. दादाच्या फायलींचा फॉन्ट त्याच्या कागदपत्रांच्या घडीत नव्हताच. तो विंडोज एक्सपीच्या पोटात, सिस्टीमच्या खणात होता. आणि ती सिस्टीमच आम्ही पुसायला निघालो होतो. कागद घरी आणला होता, वाचणारा माणूस मात्र मागे ठेवला होता.

मला एकदम वाड्यातले वडील आठवले. कंदिलाशी गाठोडे सोडून बसलेले. मी लहान असताना ते कागद शंभर वेळा पाहिले होते. आडवी रेघ, तिच्याखाली एकमेकांत गुंतलेली, मध्ये जागा न सोडता धावणारी अक्षरे. वाचता एकही येत नव्हते. शिकायला दादा बसला, मी बाहेर खेळायला गेलो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक ४५ खंड छापले. बाकीचे अजून मोडी जाणणाऱ्यांची वाट पाहत आहेत. तेही कोणी पुसलेले नाहीत. दादाने मोडीतून सोडवलेला मजकूर वीस वर्षांत पुन्हा एका मोडीत जाऊन बसला होता.

सईने जुन्या यंत्रातून फॉन्टच्या फायली उतरवून घेतल्या. लॅपटॉपमध्ये तो फॉन्ट बसवताच खिचडीची एकदम मराठी झाली. त्या रात्री तिने सगळा मजकूर युनिकोडमध्ये नेणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला. तोही सरळ नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. रफाराचे याच्या उलट. पहिल्या खेपेला 'विनंती'ची 'वनिंती' झाली आणि 'कर्ज'चे 'कजर्'. सौभाग्यवती चष्मा लावून पडद्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "कर्जाचं काहीही झालं तरी चालेल, नावं नीट ठेवा."

एक प्रश्न राहिला होता. यंत्राच्या कचरापेटीत दादाने टाकलेल्या अकरा फायली होत्या. त्याखेरीज त्याने पूर्वीच पुसलेले काय काय असेल ते वेगळेच. "आबा, काढता येईल," सई म्हणाली. "यादीवरच काट आहे, रुमाल तिथेच असतील." माझीच उपमा तिने मला परत दिली. मोह झाला, खोटे कशाला बोलू? वाड्याच्या वाटणीवरून आम्हा भावांत दोन वर्षे अबोला होता, तो काळही या यंत्राचाच. पण आर्किमिडीजने स्वतः काही पुसले नव्हते. हे दादाने स्वतःच्या हाताने टाकले होते. मी म्हटले, "नको. ते त्याने पुसले आहे."

मग शून्ये लिहायला घेतली. चाळीस गिगाबाईट पुसायला पाऊण तासही लागला नाही. पडद्यावर आकडा सरकत होता. तीन वर्षांच्या सकाळी त्यात होत्या. सौभाग्यवतींनी चहा आणला तो निवून गेला.

नव्या सिस्टीमला मात्र वेळ लागला. एक्सपीची देखभाल २०१४ सालीच थांबली होती, आणि नवे विंडोज त्या म्हाताऱ्या यंत्राला पेलणारे नव्हते. सईने डेबियन निवडली. १९९३ साली इअन मर्डॉक या विद्यार्थ्याने सुरू केलेली, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली ही सिस्टीम फुकट मिळते. तिची २०२३ ची बारावी आवृत्ती अशा जुन्या ३२ बिटी यंत्रावर बसवता येते. तेराव्या आवृत्तीपासून ती सोय काढली आहे. म्हणजे आम्ही शेवटची गाडी पकडली. दुकानातून मेमरीची एक जुनी पट्टी आणून घातली, पंख्यातली धूळ झाडली (ती पाहून पुन्हा धूळपाटीच आठवली) आणि पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले. पहिलाच प्रश्न आला: भाषा कोणती? यादीत खाली खाली जात सईने 'मराठी'वर बोट ठेवले.

भाऊबीजेनंतर यंत्र गावी गेले. वाचनालयात खिडकीपाशी ठेवले आहे. हळू चालते, पण चालते; मुले त्यावर टंकलेखन शिकतात आणि एकमेकांच्या नावापुढे वाटेल ते लिहून पुसतात. दादाच्या एकशे ऐंशी कागदांच्या आता तीन प्रती आहेत: एक सईपाशी, एक माझ्यापाशी, आणि एक कागदावर छापून बांधलेली. मोडीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये स्वतःचे आकडे मिळाले आहेत. सई म्हणते, मूळ कागद असते तर मोडीतच टंकले असते. मूळ कागद नाहीत.

वेलांट्या अजून सगळ्या जागेवर आलेल्या नाहीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, तेव्हा कुठली वेलांटी दादाने विचारपूर्वक दिली आणि कुठली प्रोग्रॅमने हलवली, ते प्रत्येक ठिकाणी थांबून ठरवावे लागते. रोज सकाळी पूजा आटोपून मी एक कागद घेतो. काल एकशे बारावा झाला. कोण्या रखमाबाईने शेजाऱ्याकडून दोन पायली जोंधळे उसने घेतल्याची नोंद होती ती.